पिन बदलूनही पुन्हा बंद पडणारे चार्जिंग : फोन उघडण्याआधीची तपासणी आणि तो नीट बंद करण्याची पद्धत

जून महिना सरत आला की पुण्यातील मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत एकाच तक्रारीचे फोन वाढू लागतात. फोन चार्ज होत नाही, किंवा केबल विशिष्ट कोनात धरली तरच होतो, किंवा पडद्यावर चार्जिंगचे चिन्ह दिसते पण टक्केवारी जागची हलत नाही. यांतील बऱ्याच फोनांची चार्जिंग पिन, म्हणजे ज्यात केबल खुपसली जाते तो सॉकेट किंवा पोर्ट, आधीच एकदा बदललेली असते. नवी पिन काही महिने ठीक चालते आणि मग पुन्हा तेच सुरू होते. मग दुसरी पिन, त्यानंतर बॅटरी, त्यानंतर ‘आता बोर्डाचेच काम आहे’ असे उत्तर, अशा क्रमाने खर्च वाढत जातो आणि फोन दर वेळी उघडला गेल्यामुळे अधिकाधिक कमकुवत होतो.

हा बिघाड उलटण्यामागे बहुधा दोनच गोष्टी असतात. पिन दोषी आहे की नाही याची खातरजमा न करताच ती बदलली जाते, आणि फोन उघडल्यानंतर तो ज्या काळजीने बंद करायला हवा, ती काळजी घेतली जात नाही. म्हणून या लेखात सुटा भाग बदलण्याच्या कृतीपेक्षा तिच्या आधीच्या तपासणीवर आणि तिच्या नंतरच्या कामावर अधिक भर दिला आहे. स्वतः फोन उघडणाऱ्यांना यातील सर्व भाग उपयोगी पडेल. दुकानात देणाऱ्यांना निदान काय विचारावे हे समजेल.

फोन उघडण्याआधी

पहिली शंका केबल आणि चार्जरवर घ्यावी, कारण त्यांची तपासणी फुकट असते. दुसऱ्या फोनवर व्यवस्थित चालणारी केबल आणि चार्जर आणून पाहावा, आणि दोन्ही एकदम न बदलता एका वेळी एकच बदलावा, म्हणजे दोष नेमका कोणात आहे ते कळते. जलद चार्जिंगच्या अनेक पद्धती कंपनीगणिक वेगळ्या असल्याने एका कंपनीचा मोठा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला सावकाश चार्ज करतो. हा बिघाड नव्हे. त्याचप्रमाणे बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आता अनेक फोनांत असते. ती चालू राहिली आणि फोन ८० च्या पुढे जात नाही म्हणून दुकानात आला, असेही घडते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीजवळ गेलेला असताना गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन चार्ज होणे मंदावते किंवा थांबते, कारण बॅटरीचे तापमान साधारण ४५ अंशांच्या वर गेले की फोन स्वतःच तिच्या रक्षणासाठी प्रवाह कमी करतो. अशा फोनला सावलीत थंड होऊ द्यावे आणि मगच पुढचा विचार करावा.

यानंतर पोर्टच्या आत पाहावे. टॉर्चच्या उजेडात, शक्य असल्यास भिंगाने. खिशातील कापसाचे तंतू आणि धूळ दर वेळी केबल लावताना आत ढकलली जाते आणि तळाशी तिचा घट्ट थर बसतो. त्यामुळे केबलचे टोक पूर्ण आत जात नाही आणि सैल लागते. टोकाचा धातूचा भाग बाहेर डोकावत राहत असेल तर शंभरात शंभर वेळा पिन बदलण्याआधी हा थर काढावा. फोन बंद करून, प्लॅस्टिकच्या किंवा लाकडाच्या बारीक काडीने, कडेकडेने हलकेच खरवडावे. टाइप-सी पोर्टच्या मधोमध एक पातळ पट्टी असते आणि सर्व संपर्क तिच्यावरच असतात, त्यामुळे तिच्यावर जोर देऊ नये. सुई, टाचणी किंवा सिम काढण्याची पिन आत घालणे टाळावे. संपर्कांवरील सोन्याचा पातळ मुलामा खरवडला गेला की तेथेच पुढे गंज धरतो, आणि स्वच्छतेसाठी केलेले हे काम उलटणाऱ्या बिघाडाचे बीज ठरते.

आता खरी तपासणी. टाइप-सीचे टोक दोन्ही बाजूंनी लागते, आणि हीच गोष्ट निदानासाठी फार उपयोगाची आहे. केबल एकदा सुलट आणि एकदा उलट लावून पाहावी. एका बाजूने चार्ज होत असेल आणि दुसऱ्या बाजूने होत नसेल, तर बॅटरी आणि बोर्डावरील चार्जिंगचा मुख्य भाग बहुतेक ठीक आहे आणि दोष पोर्टच्या एका अंगाच्या संपर्कांत किंवा त्यांच्या वाटेत आहे, असे पुष्कळ खात्रीने म्हणता येते. पोर्टमध्ये जास्तीत जास्त २४ संपर्क असतात. त्यांतील सीसी नावाचे दोन संपर्क चार्जरला ‘येथे फोन लागला आहे, वीज सोड’ एवढे कळवण्याचे काम करतात. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्जर जोडला असता, ही खूण मिळेपर्यंत चार्जर वीज सोडतच नाही. जुन्या चौकोनी टोकाच्या चार्जरमधून मात्र ५ व्होल्ट कायम मिळत असतात. म्हणून जुन्या चार्जरने फोन हळू का होईना चार्ज होतो आणि नव्या सी-टू-सी चार्जरने अजिबात होत नाही, असे आढळले, तर सीसीच्या वाटेवर संशय घ्यावा. ही तपासणी कोणत्याही उपकरणाविना घरी करता येते, आणि तरीही ती फार कमी ठिकाणी केली जाते याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण तिच्यामुळे कित्येक बॅटऱ्या विनाकारण बदलायच्या वाचतील.

फोन वायरलेस चार्जिंगचा असेल तर तीही तपासणी करावी. पॅडवर ठेवल्यावर टक्केवारी नेहमीसारखी वाढत असेल, तर बॅटरी निर्दोष ठरली आणि शोध पोर्ट ते बोर्ड एवढ्या वाटेपुरता उरला.

यूएसबी टेस्टर हे केबल आणि चार्जर यांच्यामध्ये लावायचे लहानसे मीटर बाजारात सहज मिळते आणि त्यावर व्होल्ट व अँपिअर दिसतात. ज्याला वर्षातून दोन-तीन घरचे फोन तरी पाहावे लागतात त्याने ते जरूर घ्यावे. मोजणी करताना बॅटरी साधारण २० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असावी, कारण भरत आलेल्या बॅटरीत प्रवाह आपोआप उतरत जातो आणि तो पाहून चुकीचा निष्कर्ष निघतो. मीटरवर ५ व्होल्ट दिसत असताना अँपिअर शून्य असतील तर वाट कोठेतरी तुटली आहे : संपर्क, पोर्टपासून मुख्य बोर्डापर्यंत जाणारी जोडपट्टी, बॅटरीचा कनेक्टर किंवा जादा व्होल्टपासून बचाव करणारी आयसी (चिप) यांपैकी काहीतरी. आकडा केबल हलवताच वरखाली नाचत असेल तर पिन सैल आहे किंवा तिचे सोल्डरचे डाग (जोड) सुटले आहेत. अँपिअर भरपूर जात आहेत पण टक्केवारी वाढत नाही आणि फोन तापतो आहे, ही अवस्था पिनची नाही; तेथे बॅटरी किंवा बोर्डावर कोठेतरी वीज मुरत असण्याची शक्यता अधिक, आणि अशा फोनची पिन बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. प्रवाह वाढताच व्होल्टचा आकडा पाचावरून बराच खाली घसरत असेल तर चार्जर बदलून पाहावा.

राहिला पडद्यावर येणारा ‘पोर्टमध्ये ओलावा आढळला’ हा इशारा. तो खोटा मानून केबल पुन्हा पुन्हा लावू नये. ओल्या संपर्कांवर वीज आली की पाण्यातून ती वाहू लागते आणि व्होल्ट असलेल्या संपर्काचा धातू झिजत जातो. काळा पडलेला किंवा अर्धा खाल्लेला संपर्क दिसतो तो यामुळेच. पाऊस असो वा घाम, त्यात क्षार असले की ही झीज आणखी वेगाने होते. फोन पोर्टचे तोंड खाली करून तळहातावर हलकेच आपटावा, कोरड्या वाहत्या हवेत ठेवावा आणि निदान अर्धा तास तरी केबल लावू नये. पूर्ण वाळायला दिवसभरही लागू शकतो. फोन तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय आपल्याकडे घरोघरी केला जातो, परंतु त्याने वाळणे लवकर होत नाही आणि तांदळाचे बारीक कण पोर्टमध्ये जातात. ॲपलनेही आपल्या आयफोनच्या सूचनांत तांदळाचा वापर करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. फोन पूर्ण कोरडा होऊनही इशारा जात नसेल, तर आत क्षारांचा थर राहिला आहे असे समजावे. फोन बंद ठेवून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम भिजवलेल्या मऊ ब्रशने पोर्ट पुसावा आणि अल्कोहोल उडून जाऊ द्यावे. औषधाच्या दुकानातील ७० टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये उरलेला मोठा भाग पाणीच असते, म्हणून ते येथे चालत नाही.

पुण्यात हा त्रास इतका का होतो, याचे एक कारण आपल्या दुचाकीवर आहे. हँडलवरील होल्डरमध्ये फोन, त्याला गाडीच्या सॉकेटमधून किंवा पॉवर बँकेतून लावलेली केबल, आणि वरून दिवसभराची रिमझिम. हिंजवडीपर्यंत रोज जाणाऱ्यांची आणि घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्या मुलांची ही रोजची स्थिती आहे. फोनला पाण्यापासून संरक्षण असले तरी ते केबल लावलेल्या, वीज चालू असलेल्या पोर्टसाठी नसते. पावसात फोन होल्डरवर ठेवायचाच असेल तर तो आधी चार्ज करून ठेवावा आणि वाटेत केबल लावू नये. लावणे भागच असेल तर आडोशाला थांबून, पोर्ट कोरडा असल्याची खात्री करून लावावी. ज्यांचा रोजगार त्या फोनवर चालतो त्यांच्यासाठी ही सूचना पाळणे कठीण आहे हे मी जाणतो, परंतु पिन तीन महिन्यांत पुन्हा जाण्याचे कारण त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच असते.

उघडताना

तपासणीत दोष पोर्टच्या वाटेतच आहे असे दिसले, तरच फोन उघडावा. आधी सर्व माहितीची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी. बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली उतरवावी, कारण चुकून हत्यार लागलेच तर भरलेल्या लिथियम बॅटरीपेक्षा रिकामी होत आलेली बॅटरी कमी धोक्याची असते. फोन बंद करावा आणि सिमचा ट्रे बाहेर काढून ठेवावा. तो आत राहिला आणि बोर्ड उचलला गेला, तर ट्रे व सिमच्या पिना दोन्ही मोडतात.

मागील काच किंवा बॅक पॅनल चिकट पट्टीने बसवलेले असते. हेअर ड्रायरने किंवा हॉट प्लेटवर ते हाताला चांगले गरम लागेल इतके तापवावे आणि एकाच जागी झोत धरू नये, कारण खाली बॅटरी आहे. सक्शन कपने कड किंचित उचलून प्लॅस्टिकची पातळ पिक दोन-तीन मिलिमीटरच आत घालावी आणि कडेने सरकवत न्यावी. ज्या फोनांत बोटाच्या ठशाचा सेन्सर मागच्या बाजूला आहे, त्यांतील कित्येकांत त्याची पट्टी पॅनलला जोडलेली असते. पॅनल एकदम उपटले की ती तुटते. पॅनल वाकत असेल, किंवा पडद्याची कड उचललेली दिसत असेल, तर आत बॅटरी फुगली असण्याची शक्यता लक्षात घ्यावी. फुगलेल्या बॅटरीला उष्णता देऊ नये, तिच्याखाली धातूचे हत्यार घालू नये, तिला दाबून पुन्हा बसवू नये आणि तो फोन चार्जही करू नये. असे काम घरी करू नये, एवढेच मी आग्रहाने सांगेन.

पॅनल निघाल्यावर दिसणारे स्क्रू सर्व सारखे वाटतात, पण त्यांच्या लांबीत थोडा थोडा फरक असतो. कागदावर फोनची आकृती काढून, जो स्क्रू ज्या जागेचा तो त्याच जागी त्या कागदावर चिकटपट्टीने लावून ठेवावा. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू घट्ट केला तर तो बोर्डाच्या आतील थरांत शिरून तांब्याच्या वाटा तोडतो, आणि ते नुकसान बहुधा भरून येत नाही. आयफोनच्या खालच्या कडेला पाच पाकळ्यांचे पेंटालोब आणि आत काही ठिकाणी त्रिशूळासारख्या खाचेचे स्क्रू असतात; त्यांना साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवायला गेल्यास खाच घासली जाते.

प्लॅस्टिकचे वरचे आवरण काढताच पहिले काम बॅटरीचा कनेक्टर सोडवण्याचे. त्याआधी कोणत्याही पट्टीला हात लावू नये. कनेक्टर प्लॅस्टिकच्या ओपनरने सरळ वर उचलावा, वाकडा ओढू नये. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा कोरडी असते, आणि सिंथेटिक कपड्यांवर साठलेली स्थिर वीज आयसीला मारू शकते. मनगटाचा अर्थिंग पट्टा वापरणे उत्तम. पावसाळ्यात हा धोका कमी, पण सवय बारमाही असावी.

आत काय पाहावे

खालच्या बाजूचा रिंगरचा (स्पीकरचा) डबा काढला की सीसी बोर्ड, म्हणजे चार्जिंग कनेक्टरचा बोर्ड, दिसतो; वर सांगितलेले सीसी संपर्क वेगळे. टाइप-सीची पिन, माइक, कधी कधी हेडफोनचा जॅक आणि अँटेनाच्या बारीक तारेचे टोक हे सर्व त्या छोट्या बोर्डावर असते, आणि तेथून एक लांब पट्टी बॅटरीवरून मुख्य बोर्डापर्यंत जाते. येथे घाईने नवा बोर्ड लावण्याआधी भिंगाखाली पाहावे. हिरवट किंवा पांढरी भुकटी, काळवंडलेले संपर्क, पट्टीच्या कनेक्टरवरील डाग, आणि पाणी लागल्यावर पांढऱ्याचा लाल होणारा खूणकागद, या सर्व गोष्टी पाणी कोठून आले आणि कोठवर गेले हे सांगतात. पाण्याचा माग मुख्य बोर्डापर्यंत गेलेला असेल आणि आपण फक्त खालचा बोर्ड बदलला, तर तो फोन परत येणारच.

लांब पट्टी हा फार दुर्लक्षित भाग आहे. बॅटरी बदलताना ती दुमडली जाते किंवा तिच्या कनेक्टरमध्ये गंज धरतो, आणि दोष मात्र पिनच्या माथी मारला जातो. पट्टी बदलून पाहणे अवघड नसते आणि ती स्वस्तही असते. म्हणून नवा सीसी बोर्ड लावूनही फरक पडला नाही, तर मुख्य बोर्डाकडे वळण्याआधी पट्टी बदलून पाहिलीच पाहिजे. मल्टिमीटर असणाऱ्याने बॅटरी सोडवलेल्या अवस्थेत, डायोडच्या खुणेवर, लाल टोक बोर्डाच्या ग्राउंडला आणि काळे टोक एकेका संपर्काला लावून आकडे घ्यावेत आणि त्याच मॉडेलच्या चांगल्या बोर्डाच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. विजेच्या मुख्य संपर्कावर आकडा शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे. काहीच आकडा आला नाही तर वाट तुटली आहे. डेटाच्या दोन संपर्कांचे आकडे एकमेकांजवळ असायला हवेत.

गंज दिसला तर तो ९९ टक्के अल्कोहोल आणि मऊ ब्रश यांनी पूर्ण निघेपर्यंत साफ करावा, कनेक्टरच्या दोन्ही अंगांनी. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, तेव्हा शेजारी हॉट एअर (गरम हवेचा झोत देणारे यंत्र) किंवा सोल्डरिंग चालू नसावे. एकदा घासून ‘झाले’ म्हणणे पुरत नाही. वाळल्यावर पुन्हा भिंगाखाली पाहावे, कारण ओले असताना पांढरा थर दिसत नाही आणि वाळल्यावर तो परत उमटतो.

पिन मुख्य बोर्डावरच डागलेली असेल तर काम हॉट एअरचे आहे आणि ते सरावाच्या हाताचेच आहे. शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ ते २२० अंशांना वितळते, आणि तेवढी उष्णता देताना शेजारच्या माइकचे आणि प्लॅस्टिकच्या कनेक्टरांचे रक्षण करावे लागते. पिनचे पाय बोर्डाच्या भोकांतून आरपार जातात; त्या भोकांत सोल्डर पूर्ण भरले गेले पाहिजे. वरवर डाग देऊन बारीक संपर्क जुळले तरी चार्जिंग सुरू होते आणि ग्राहक समाधानाने जातो, परंतु रोज केबल लावण्या-काढण्याचा सगळा भार त्या पायांवर असतो आणि काही महिन्यांत पिन हलू लागते. उलटलेल्या बिघाडांत हे कारण मला वारंवार दिसते. तसेच उरलेला फ्लक्स, म्हणजे सोल्डर करताना लावलेला चिकट पदार्थ, धुऊन काढला नाही तर तो पावसाळी हवेतील ओलावा धरून ठेवतो आणि शेजारच्या बारीक संपर्कांत वीज झिरपू लागते.

सीसी बोर्ड विकत घेताना फक्त मॉडेलचे नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या फोनचे वेगवेगळे प्रकार असतात आणि बोर्डावर छापलेला क्रमांक जुळवून घ्यावा लागतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात असे सुटे भाग भरपूर मिळतात, पण स्वस्त पर्यायी बोर्डावर जलद चार्जिंगचे घटक गाळलेले असणे नवीन नाही. फोन चार्ज होतो पण पूर्वी तासाभरात भरणारा आता तीन तास घेतो, अशी तक्रार बोर्ड बदलल्यानंतर आली, तर कारण येथे शोधावे. जुना काढलेला बोर्ड सोबत नेऊन दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय नवा घेऊ नये.

बंद करणे

नवा भाग लागला, चार्जिंगचे चिन्ह आले, की लगेच पॅनल चिकटवण्याचा मोह होतो. तो आवरावा. पॅनल उघडे असतानाच बॅटरी जोडून केबल दोन्ही बाजूंनी लावून पाहावी, टेस्टरवर आकडे पाहावेत, जलद चार्जिंग सुरू होते का ते पाहावे, फोन संगणकाला जोडून पाहावा, आवाज ध्वनिमुद्रित करून माइक तपासावा, रिंगर वाजवावा आणि एक फोन लावून नेटवर्क पाहावे. अँटेनाच्या तारेचे टोक दाबून बसवायचे राहिले, तर चार्जिंग उत्तम होते पण घरात नेटवर्क येईनासे होते, आणि त्यासाठी सगळे पुन्हा उघडावे लागते.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग. अनेक फोनांत टाइप-सीच्या पिनभोवती एक लहानशी रबरी कडी असते, लाल किंवा काळ्या रंगाची. पोर्टमध्ये गेलेले पाणी फोनच्या पोटात उतरू नये म्हणून ती बसवलेली असते. बोर्ड बदलताना ती जुन्या पिनवर राहून जाते, फाटते किंवा कचऱ्यात जाते, आणि नव्या पर्यायी बोर्डासोबत ती येतेच असे नाही. कडी नसल्याने चार्जिंगमध्ये काहीही फरक पडत नाही, म्हणून तिची उणीव कोणाच्या लक्षात येत नाही. पण पहिल्याच जोराच्या पावसात पाणी पिनच्या कडेने थेट सीसी बोर्डावर येते. दाराला नवे कुलूप लावून उंबऱ्याखालची फट तशीच सोडावी, असा हा प्रकार होतो. जुनी कडी शाबूत असेल तर ती अल्कोहोलने पुसून नव्या पिनवर नीट बसवावी; नसेल तर तिच्यासाठी वेगळी मागणी करावी. सिमच्या ट्रेवरही अशीच बारीक कडी असते, तीही पाहावी.

पॅनलच्या जुन्या चिकटपट्टीचे तुकडे पूर्ण खरवडून, कड अल्कोहोलने पुसून कोरडी करावी. जुन्या गोंदावर नवा गोंद लावला तर पॅनल बसल्यासारखे दिसते, पण मध्ये फटी राहतात. त्या मॉडेलसाठी कापून मिळणारी चिकट चौकट वापरणे सर्वांत चांगले, कारण तिची जाडी मूळ मापाची असते. ती न मिळाल्यास बी-७००० किंवा काळा टी-७००० हा गोंद सलग, बारीक रेघेत, कोपऱ्यांत खंड न पडू देता लावावा. जास्त गोंद माइकच्या आणि रिंगरच्या छिद्रांत शिरतो. नंतर क्लिप किंवा रबर बँड लावून काही तास दाबून ठेवावे. हा गोंद पूर्ण घट्ट व्हायला एक ते दोन दिवस लागतात. तासाभरात फोन हातात घेऊन पावसात निघालेल्या ग्राहकाचे पॅनल कडेला सुटते, आणि ते सुटलेले त्याला दिसतही नाही.

एवढे सर्व केल्यानंतरही कारखान्यातून आलेले जलरोधक गुण परत मिळाले असे मानू नये. आयपी६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे, आणि आयपी६८ म्हणजे त्याहून कडक, उत्पादकाने ठरवलेल्या खोलीची व वेळेची चाचणी. या चाचण्या नव्या फोनवर, स्वच्छ पाण्यात होतात. दाबाची चाचणी घेणारे उपकरण बहुतेक दुकानांत नसते. म्हणून एकदा उघडलेला फोन जुलैत सिंहगडावर नेताना तो साधा, पाणी न सोसणारा फोन आहे असे समजूनच न्यावा.

दुकानात देताना

स्वतः उघडायचे नसेल तर निदान एवढे करावे. वर सांगितलेली सुलट-उलट केबलची आणि दोन प्रकारच्या चार्जरची तपासणी घरी करून तिचा निकाल दुकानदारास सांगावा. फोनमध्ये मेंटेनन्स मोड किंवा रिपेअर मोड असेल तर तो चालू करून द्यावा, म्हणजे खासगी माहिती झाकलेली राहते आणि कुलूपाचा आकडाही सांगावा लागत नाही. काढलेला जुना भाग परत मागावा. रबरी कडी बसवणार का आणि पॅनल चिकट चौकटीने बसवणार की गोंदाने, हे काम सुरू होण्याआधी विचारावे. मनापासून काम करणारा कारागीर या प्रश्नाने रागावत नाही. बॅटरी बदलली जाणार असेल तर तिच्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. तो क्रमांक बीआयएस केअर या ॲपवर पडताळून पाहता येतो. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा स्वीकारणाऱ्याकडेच द्यावी.

तरीही उलटल्यास

पिन चांगली, पट्टी चांगली, बॅटरी चांगली आणि तरीही प्रवाह शून्य किंवा अस्थिर, अशी अवस्था आली तर दोष मुख्य बोर्डावरील बचाव आयसीत किंवा चार्जिंग आयसीत असण्याची शक्यता धरावी. हे काम डीसी पॉवर सप्लाय, मायक्रोस्कोप आणि त्या मॉडेलचा सर्किटचा नकाशा असणाऱ्या ठिकाणीच द्यावे. बचाव आयसी काढून तिच्या जागी सरळ तार टाकण्याचा जलद उपाय काही ठिकाणी केला जातो. त्याने चार्जिंग त्याच दिवशी सुरू होते, परंतु पुढे एखाद्या खराब चार्जरमधून जादा व्होल्ट आले तर ते अडवणारे कोणी राहत नाही आणि तडाखा थेट चार्जिंग आयसीला बसतो. तसेच दीर्घकाळ पडून राहिल्याने पूर्ण उतरलेल्या बॅटरीला बाहेरून जोराने वीज देऊन उठवण्याचा आग्रह धरू नये. फार खाली गेलेल्या लिथियम पेशीच्या आत तांबे विरघळून नंतर शॉर्ट होऊ शकतो, आणि अशी बॅटरी उठली तरी भरवशाची राहत नाही. ती बदलावी.

बोर्डाचे काम करायचे की फोन बदलायचा, हा निर्णय फोनचे वय आणि त्यातील माहितीचे मोल पाहून ज्याने-त्याने घ्यावा. बोर्डावर हत्यार चालवण्याआधी मात्र, चार्ज केलेली चांगली बॅटरी लावून फोन थोडा वेळ तरी चालू होतो का ते पाहावे, आणि होत असेल तर त्यातील छायाचित्रे, संपर्क व कागदपत्रे वायफायवरून आधी उतरवून घ्यावीत.